जुने आकृतीदार एग कप: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आकृतीदार एग कप म्हणजे नेमके कोणते?

उकडलेलं अंडं उभं धरायची छोटी वाटी म्हणजे एग कप. साध्या एग कपाला एक वाटी आणि खाली बैठक, एवढंच असतं. आकृतीदार कपात ती वाटी कुणाची तरी पाठ असते, कुणाचं डोकं असतं, नाहीतर कुणी ओढत असलेली गाडी असते. कपावर कोंबडी नुसती रंगवलेली असेल तर तो चित्राचा कप झाला. या गटात यायला कपच कोंबडी असावा लागतो. सीमेवरचे नमुने असतात, पण त्यावर वाद घालण्यापेक्षा आवडला तर ठेवून द्यावा.

पण यात जमवण्यासारखं काय आहे?

हा प्रश्न बहुतेक वेळा कपाळाला आठ्या घालून विचारला जातो, म्हणून जरा सविस्तर उत्तर देते.

बाकीच्या छोट्या मूर्ती घडवणाऱ्याला पूर्ण मोकळीक असते. एग कप घडवणाऱ्याच्या डोक्यावर मात्र एक अट असते: या मूर्तीत एक अंडं बसलं पाहिजे, उभं बसलं पाहिजे, आणि चमच्याने टोक फोडताना ते कलंडता कामा नये. म्हणजे अंडं हा मूर्तीचाच एक अवयव, फक्त तो कारखान्यातून येत नाही. हे कोडं कुणी कसं सोडवलं ते बघण्यात या छंदाची सगळी गंमत आहे. मी कुठलाही नवा कप हातात घेतला की आधी एवढंच बघते, की यानं अंडं कुठे बसवलंय?

सोपं उत्तर म्हणजे पाठीवर. बदक, हंस, कोंबडी पाठीत वाटी घेऊन उभी. त्याहून थोडं पुढचं उत्तर म्हणजे ओझं: ससा गाडी ओढतोय आणि गाडीत अंडं. माझा जीव अडकतो तो तिसऱ्या प्रकारात. त्यात खाली चेहरा असतो, भुवयांच्या वर कवटी उघडी असते, आणि अंडं ठेवलं की माणसाला गुळगुळीत टक्कल पडतं. तो चेहरा रिकामा असताना मख्ख वाटतो. अंडं बसलं की तोच माणूस एकदम विचारवंत दिसायला लागतो, आणि चमच्याचा पहिला ठोका पडतो तेव्हा बिचाऱ्याच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नाही. टक्कल पडलेल्याच्या डोक्यावर चमचा मारायची परवानगी घरात दुसरीकडे कुठेच मिळत नाही.

दुसरं कारण अगदीच व्यवहारी आहे. वस्तू छोटी आहे. कपबशांचा नाद लागलेल्यांच्या घरात पाहुण्यांना बसायला जागा उरत नाही. एग कपांना एक फळी पुरते, निदान सुरुवातीला.

एग कप किती जुनी वस्तू आहे?

फार जुनी. इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेईत चांदीचे एग कप सापडलेले आहेत. फ्रान्सचा पंधरावा लुई एका फटक्यात अंड्याचं टोक उडवायचा आणि दरबार ते बघायला जमायचा, अशी एक आवडीने सांगितली जाणारी कथा आहे. कथा म्हणूनच घ्यावी.

माणसं आणि प्राण्यांच्या आकाराचे कप मात्र घराघरांत पोचले ते साच्यात ओतून स्वस्तात भांडी करता यायला लागली तेव्हा. आपण जे ‘जुने’ म्हणून शोधतो त्यातले बहुतेक 1920 ते 1980 या काळातले असतात.

साच्यात ओतून म्हणजे कसे?

हे समजून घ्यायलाच हवं, कारण पुढच्या अर्ध्या प्रश्नांची उत्तरं यात आहेत.

माती पाण्यात कालवून दाट दुधासारखा घोळ करतात आणि तो प्लास्टरच्या साच्यात ओततात. प्लास्टर पाणी शोषून घेतं, त्यामुळे साच्याच्या भिंतीलगत मातीचा थर धरतो. थर पुरेसा जाड झाला की मधला उरलेला घोळ ओतून टाकतात. म्हणून अनेक आकृतीदार कप आतून पोकळ असतात. पोकळी सगळीकडून बंद असेल तर भट्टीत हवा फुगून वस्तू फुटते, त्यामुळे तळाला एक बारीक भोक ठेवलेलं असतं. लोक ते भोक बघून ‘फुटकाय वाटतं’ म्हणतात. फुटका नाही, तसाच हवा.

साचा दोन किंवा अधिक तुकड्यांचा असतो, त्यामुळे कडेने एक सांध्याची रेघ उमटते. कारागीर ती ओल्या कापडाने पुसतो. चांगल्या कारखान्यात रेघ शोधावी लागते. घाईच्या कामात ती सशाच्या कानावरून थेट शेपटीपर्यंत दिसते. शिवाय प्लास्टरचा साचा वापरून झिजतो. नव्या साच्यातून निघालेल्या पिल्लाचं एकेक पीस मोजता येतं. त्याच साच्यातून बरीच पिल्लं निघाल्यावर पिसं नुसती सुचवलेली राहतात. दोन सारखे कप शेजारी ठेवून बघा, कुठला आधी निघाला ते कळतं.

कोणत्या देशांचे नमुने शोधावेत?

जर्मनीपासून सुरुवात करा. तिथल्या पोर्सिलेनच्या, म्हणजे पातळ, कडक चिनी मातीच्या, कारखान्यांनी छोट्या मूर्तींचं काम पिढ्यान्पिढ्या केलेलं आहे आणि ते हाताला जाणवतं: कडा नीट, चेहरे नेमके. गोबेल ही कंपनी 1871 मध्ये सुरू झाली. तिच्या तपकिरी झग्यातल्या गोल गरगरीत ख्रिस्ती साधूंची मालिका मीठदाणीपासून एग कपापर्यंत पसरलेली आहे आणि तिच्यावर जीव टाकणारे स्वतंत्र संग्राहक आहेत. एर्झगेबिर्गे या डोंगराळ भागातले लाकडी एग कप हा वेगळाच प्रांत. लेथवर कातून घडवलेले, मग हाताने रंगवलेले. पूर्व जर्मनीतल्या वोल्केनस्टाइन गावचे प्लॅस्टिकचे कोंबडीचे एग कपही विसरू नका. भडक रंगाची, दोन मिनिटांत ओळखू येणारी ही कोंबडी आज त्या संपलेल्या देशाची खूण म्हणून ओळखली जाते. पोर्सिलेनवाले नाक मुरडतात. मुरडू देत.

जपानी कपांची गोष्ट निराळी. 1920 आणि 1930 च्या दशकांत तिथून परदेशी बाजारासाठी लस्टरचे कप मोठ्या प्रमाणावर निघाले. लस्टर म्हणजे ग्लेझवर, म्हणजे भांड्याच्या काचेसारख्या चकचकीत थरावर, चढवलेला धातूचा अतिशय पातळ थर; तो मोरपंखासारखा रंग बदलतो. माझ्याकडच्या एका कपात पिवळं पिल्लू अंड्याच्या अर्ध्या टरफलाची गाडी ओढतंय. टरफल निळसर लस्टरचं, त्याची कड मुद्दाम वेडीवाकडी कापल्यासारखी, चाकं नारिंगी. पिल्लाची चोच एकाच फटकाऱ्यात ओढलीय आणि डावा डोळा जागेपासून चांगला दोन मिलिमीटर खाली घसरलाय. रंगवणाऱ्या हाताला त्या दिवशी असे ढिगाने डोळे काढायचे असणार. जर्मन कारखान्यात हा नग बाजूला काढला असता. इथे तो गेला, आणि त्या घसरलेल्या डोळ्यामुळे पिल्लू गाडीचं ओझं खरोखर जाणवत असल्यासारखं दिसतं. मला जपानी कप जास्त आवडतात ते याच कारणाने.

इंग्लंडात स्टोक-ऑन-ट्रेंट हे भांड्यांचं माहेरघर. तिथल्या कार्लटन वेअरने 1970 च्या दशकात रॉजर मिशेल आणि डांका नापिओर्कोव्स्का यांनी घडवलेली ‘वॉकिंग वेअर’ मालिका काढली. कपाला दोन पाय, पायात पट्ट्यापट्ट्यांचे मोजे आणि मोठाले बूट. काही उभे, काही पायावर पाय टाकून बसलेले. ‘अंडं कुठे बसवायचं’ या प्रश्नाला हे अगदी सरळ उत्तर: अंडं हेच धड, मग फक्त पाय द्या. याच कारखान्याचे 1980 च्या दशकातले राजकारण्यांचे आणि राजघराण्याचे व्यंगचेहरेही आहेत, ज्यांचं टाळकं रोज सकाळी फोडता यायचं. इंग्लंडचा विषय निघालाच आहे तर, लंडनच्या कॅम्डनमध्ये सकाळचे कार्यक्रम दाखवणाऱ्या टीव्ही-एएम वाहिनीसाठी वास्तुविशारद टेरी फॅरेल यांनी 1983 मध्ये जी इमारत केली, तिच्या छतावर राक्षसी एग कप रांगेत ठेवले होते. फळीवर मावणार नाहीत, पण बघण्यासारखे खरे.

तळावरचा शिक्का कसा वाचायचा?

शिक्का सहसा साल सांगत नाही, पण काळाची चौकट सांगतो.

1890 च्या अमेरिकी कायद्यामुळे, 1891 पासून, आयात मालावर मूळ देशाचं नाव लिहिणं भाग झालं. जपानी माल ‘निप्पॉन’ (जपानचं जपानी नाव) असं छापून जायचा. 1921 नंतर अमेरिकेत ते नाव चालेना, तेव्हा ‘जपान’ किंवा ‘मेड इन जपान’ आलं. दुसऱ्या महायुद्धानंतर, 1947 ते 1952 या काळात, बऱ्याच वस्तूंवर ‘ऑक्युपाइड जपान’, म्हणजे ताब्यातलं जपान, असा शिक्का आहे. हा काळ इतका नेमका आणि छोटा आहे की काही जण फक्त हाच शिक्का जमवतात.

जर्मनीतही तसंच. ‘यू.एस. झोन’ असं लिहिलेला नग युद्धानंतरच्या अमेरिकी ताब्याच्या वर्षांतला, म्हणजे साधारण 1946 ते 1949 चा. ‘वेस्ट जर्मनी’ असेल तर 1949 ते 1990 मधला. गोबेलच्या शिक्क्यात 1950 पासून इंग्रजी व्ही अक्षरात मधमाशी दिसते. सुरुवातीला ती चांगली पंखबिंख असलेली मोठी माशी आहे. पुढे लहान होत होत नुसती भौमितिक खूण उरते, आणि 1979 मध्ये उडूनच जाते. 1950 च्या आधीच्या मालावर मुकुट असतो.

ब्रिटनमध्ये गेलेल्या काही मालावर नुसतं ‘फॉरेन’ लिहिलेलं असतं. देशाचं नाव न घेता परदेशी एवढंच सांगायची ही सोय होती. असे कप बहुधा जर्मन किंवा जपानी निघतात. मग माती आणि रंगकाम बघून ठरवायचं. कार्टूनमधल्या पात्रांच्या कपांवर ‘वॉल्ट डिस्ने एंटरप्रायझेस’ असं असेल तर तो 1930 च्या दशकातला. पुढच्या काळात ‘वॉल्ट डिस्ने प्रॉडक्शन्स’ येतं.

शिक्काच नसेल तर टाकाऊ समजायचा का?

छे. बऱ्याच कपांवर कागदी लेबल होतं आणि ते पहिल्याच धुण्यात गेलं. संचातल्या एकाच नगावर शिक्का मारायचीही पद्धत होती. आणि खरं सांगायचं तर शिक्का आधी बघणारे लोक कप बघतच नाहीत.

हा एग कपच आहे, टूथपिक ठेवायचा डबा नाही, हे कसं ओळखू?

अंडं घेऊन बघा. मध्यम आकाराच्या कोंबडीच्या अंड्याची रुंदी साधारण साडेचार सेंटिमीटर असते. कपाचं तोंड त्याहून किंचित लहान हवं, म्हणजे अंडं कडेवर टेकतं आणि निम्म्याच्या आसपास वर राहतं. वाटी आतून गोलसर, कोपरे नसलेली आणि ग्लेझ केलेली हवी. आत सपाट तळ आणि सरळ भिंती असतील तर ते मेणबत्तीचं किंवा काड्यांचं भांडं असण्याची शक्यता जास्त. अंडं पार आत बुडत असेल तर तो बदकाच्या अंड्यासाठीचा कप असू शकतो. डमरूसारखा दोन्ही बाजूंनी वाटी असलेला मोठा कप दिसला तर तो दुहेरी एग कप. छोट्या बाजूला अंडं उभं करायचं, मोठ्या बाजूत फोडून कालवायचं. झाकण असलेलं पोर्सिलेनचं भांडं म्हणजे कॉडलर, त्यात अंडं फोडून घालून भांड्यासकट गरम पाण्यात शिजवतात. तो या कुटुंबातला चुलतभाऊ.

टवका उडालेला कप घ्यावा का?

कुठे उडालाय त्यावर आहे. तळाच्या कडेला असेल तर बिनधास्त घ्या. वाटीच्या कडेला असेल तर विचार करा, कारण तिथली चीर खाली उतरत जाते. नाक, चोच, कानाचं टोक गेलेलं असेल तर फक्त तो नमुना दुर्मिळ असतानाच.

रंगाची झीज हा वेगळा मामला आहे. बऱ्याच स्वस्त कपांवर ग्लेझ भाजून झाल्यावर वरून रंग दिलेला असतो, जो पुन्हा भट्टीत गेलेलाच नसतो. तो नखाने निघतो, घासणीने तर नक्कीच. पण झीज कुठे आहे ते बघा. सैनिकाच्या टोपीचा काळा रंग मागच्या बाजूला, बरोबर आंगठ्याएवढ्या जागेत गेलेला असेल, तर कुणीतरी लहान मूल रोज सकाळी तो तसाच पकडून बसायचं. असा कप मी कोऱ्या करकरीत कपाच्या आधी घेईन. ग्लेझवरचं बारीक तड्यांचं जाळं हा दोष नाही, वय आहे. मात्र त्यात तपकिरी डाग शिरलेले असतील तर किंमत कमी करून मागायला हरकत नाही.

दुरुस्त केलेला किंवा नकली नग कसा ओळखायचा?

दुरुस्तीसाठी अतिनील प्रकाशाची छोटी बॅटरी ठेवा. अंधारात तिच्या उजेडात डिंक आणि नंतर फासलेला रंग बहुतेक वेळा मूळ ग्लेझपेक्षा वेगळा चमकतो. नुसत्या बोटानेही कळतं: दुरुस्तीची जागा जरा कोमट आणि बोथट लागते, ग्लेझ थंड लागतं. नखाने हलकेच टिचकी मारली की धड कप खणखणतो आणि तडा गेलेला बद्द वाजतो. जाड मातीचे कप मात्र मुळातच बद्द वाजतात, तेव्हा घाईने निकाल देऊ नका.

नकलेसाठी मोजपट्टी लागते. जुन्या कपावरून साचा काढून नवा कप ओतला की तो वाळताना आणि भाजताना आकसतो, साधारण दहाव्या हिश्शाने किंवा त्याहूनही जास्त. त्यामुळे नक्कल मूळ नगापेक्षा बुटकी निघते आणि बारकावे बुजलेले असतात. तळ बघा: जुना कप वर्षानुवर्षं सरकवला गेल्याने बिनग्लेझची कड गुळगुळीत आणि मळकट झालेली असते, तीही सगळीकडे सारखी नाही. एकसारखा तपकिरी मळ दिसला तर तो चहाच्या पाण्याचा असू शकतो.

धुवायचे कसे?

कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ ब्रश, एका वेळी एकच कप. अंड्याचा बलक वाळून बसला असेल तर कढत पाणी ओतू नका, त्याने तो आणखी घट्ट होतो. गार पाण्यात भिजत ठेवा. लाकडी कप भिजवायचेच नाहीत. तळाला भोक असेल तर पाण्यात बुडवू नका, आत पाणी शिरतं आणि आठवडाभर ठिबकत राहतं. लस्टर आणि सोनेरी रेघांवर घासणी, खाण्याचा सोडा, लिंबू काहीही नको. ब्लीच कुठल्याच कपावर नको. तड्यांतून आत जाऊन ते ग्लेझ उचकटतं. डिशवॉशरचं नावही काढू नका.

चांदीच्या कपांना अंड्यातलं गंधक काळं करतं, म्हणून चांगल्या चांदीच्या कपाला आतून सोन्याचा मुलामा असतो. तो घासून घासून घालवलेले कप बघितले की वाईट वाटतं.

यातून अंडं खाल्लं तर चालेल का?

जुन्या ग्लेझमध्ये आणि वरून दिलेल्या रंगांत शिसं असू शकतं, आणि काही जुन्या नारिंगी-लाल ग्लेझमध्ये युरेनियमसुद्धा वापरलेलं आहे. रोजच्या खाण्याला, विशेषतः मुलांच्या, जुना कप वापरू नये. घरी आलेल्यांना टकल्या साहेबांच्या डोक्यात अंडं बसवून दाखवायचं असेल तर लाकडी किंवा चिनी मातीचं खोटं अंडं आणा.

टोपी हरवलेल्या कपांचं काय करायचं?

काही चेहऱ्यांच्या कपांना सुटी टोपी असायची, जी अंड्यावर बसायची. काहींत ती टोपीच मीठदाणी असते. या टोप्या आधी फुटतात किंवा हरवतात. वाटीची आतली कड बघा. टोपी किंवा झाकण टेकण्यासाठी खाच असेल तर नग अर्धा आहे हे नक्की, आणि भावही अर्ध्या नगाचाच द्यायचा. सुट्या टोप्या दिसल्या की घेऊन ठेवाव्यात. रंग जुळत नसला तरी अदलाबदलीला उपयोगी पडतात.

काही जुने कप बघायला अस्वस्थ करतात. ते संग्रहात ठेवावेत?

खरं आहे. 1920 ते 1950 च्या दशकांतल्या कपांत काळ्या, आशियाई आणि इतर समाजांची हिणवणारी चित्रणं सर्रास आहेत. ती त्या काळाचा पुरावा आहेत, गोंडस वस्तू नव्हेत. मी असे नग मांडत नाही. अभ्यासासाठी ठेवणारे लोक मला माहीत आहेत आणि त्यांचं म्हणणं पटतं, पण ते ‘मजेशीर’ म्हणून विकणाऱ्याकडून मी बाकीचं सामानही घेत नाही.

संग्रहाला विषय हवाच का? गुंतवणूक म्हणून कसं?

विषय आपोआप सापडतो. पहिले काही कप मनाला येतील तसे घ्या, मग फळीकडे बघा. सगळे गाडी ओढणारे निघतील, किंवा सगळे तिरप्या नजरेने बघणारे. गुंतवणूक करायची असेल तर दुसरं काहीतरी शोधा.

मांडणी कशी करावी?

फळी अरुंद घ्या. रुंद फळीवर मागची रांग कायमची दिसेनाशी होते. थेट ऊन नको, वरून दिलेले रंग आणि जुनं प्लॅस्टिक दोन्ही विटतात. दार आपटलं की हादरणाऱ्या भिंतीवर मांडणार असाल तर प्रत्येक तळाखाली म्युझियम वॅक्सचा, म्हणजे वस्तू जागेवर धरून ठेवणाऱ्या चिकट मेणाचा, हरभऱ्याएवढा गोळा दाबा. पुढे काढताना सरळ उचलू नका, किंचित पिळून सोडवा. चेहऱ्याच्या कपांत तरी अंडी ठेवाच, नाहीतर कवट्या उघड्या टाकून बसलेली मंडळी बघून पाहुणे दचकतात. प्राण्यांच्या पाठी रिकाम्या राहिल्या तरी चालतं. अंडी मात्र सगळी एकाच रंगाची नकोत; तपकिरी अंडं ठेवलेला साधू आणि पांढरं अंडं ठेवलेला साधू ही दोन वेगळी माणसं दिसतात.